एकशे एकतीस किलो दशहरी

माणूस बारीक झाला की त्याचं अभिनंदन करायची आपल्या लोकांची एक ठरलेली रीत आहे. आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचं, मग आवाज खाली आणायचा आणि हळूच विचारायचं, "रिपोर्ट काय आले?"

मधुसूदनराव आष्टेकरांनी सत्तावन्न किलो वजन उतरवलं तेव्हा आमच्या आख्ख्या कॉलनीनं त्यांचं असंच अभिनंदन केलं. एक बाई तर सुनेत्राला, म्हणजे त्यांच्या मंडळींना, वरणभाताचा डबा देऊन गेल्या. "तुम्हाला आता स्वयंपाक कुठला सुचायला," असं म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. ज्याच्यासाठी पदर लावला तो इसम समोरच खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं मान वर करून "नमस्कार" म्हटल्यावर बाई दचकल्या.

ही गोष्ट लखनौची, आलमबागच्या रेल्वे कॉलनीतली, साल छप्पन नव्हे, शहाण्णव. म्हातारपणी वर्षं अशी घसरतात. मधुसूदनराव डिझेल इंजिनांच्या कारखान्यात इंजिनिअर, माझ्या मुलाचे, धनंजयचे साहेब, आणि आमच्याच जिन्यावर वरच्या मजल्याला राहणारे. मी सांगली जिल्ह्यातला सातवी पास गडी. बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आलो आणि सकाळी फिरायला सोबत कोण, तर वरचे मधुसूदनराव. म्हणून ही हकिकत मला आतून ठाऊक आहे. बाहेरून तर ती सगळ्यांनाच ठाऊक होती, कारण त्या काळी मधुसूदनराव बाहेरूनच पुष्कळ होते.

सुरुवात झाली एकोणनव्वद सालच्या मे महिन्यात. मधुसूदनराव आणि आमचा धनंजय मलिहाबादला आंब्याच्या बागा बघायला गेले होते. तिथं शफ़ीक खाँ म्हणून एक बागवाले. त्यांचा डिझेल पंप आठ दिवस बंद. झाडांवर दशहरी लगडलेली, पाण्यावाचून फळं गळायला लागलेली, आणि शहरातून आलेले दोन मिस्त्री चहा पिऊन परत गेलेले. मधुसूदनरावांनी शर्ट काढला आणि पंपाच्या खड्ड्यात उतरले. तीन तास आत होते. तापलेल्या नळीवर डावा हात कोपराखाली चांगला वीतभर भाजला, तरी पाणी चालू झाल्याशिवाय वर येईनात. पाणी चालू झालं, तरीही वर येईनात. म्हणजे यायचं होतं, पण येता येईना. उतरताना खड्ड्यानं त्यांना आत घेतलं होतं, आता सोडायला तयार नव्हता. शेवटी छातीखालून दोर बांधला, दोन बैल जुंपले आणि इंजिनिअर साहेब बाहेर काढले. धनंजय सांगतो, बाहेर आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर पंपाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "आता सुरात आहे."

खाँसाहेब जुन्या चालीचे. त्यांनी तिथंच जाहीर केलं, "हर साल इस आदमी के वज़न के आम. जब तक मैं हूँ और ये हैं."

झालं. आमच्या मराठी मंडळाला एक सण मिळाला, मधुसूदनरावांची तुला. दर जूनच्या तिसऱ्या रविवारी कॉलनीतल्या कडुनिंबाला मंडईतली मोठी तागडी टांगायची. एका पारड्यात मधुसूदनराव, अंगात मंडळातर्फे चौक नावाच्या जुन्या बाजारातून शिवून आणलेला, चिकनच्या भरतकामाचा पांढरा झिरझिरीत कुर्ता. दुसऱ्या पारड्यात दशहरीच्या पाट्या. बायका ओवाळणार, खाँसाहेब स्वतः शेवटची पाटी ठेवणार, काटा समोर आला की टाळ्या. मग ते आंबे बत्तीस मराठी घरांत सारखे वाटायचे. पहिल्या साली एकशे अठरा किलो भरले.

आता तुम्हीच सांगा, शेजाऱ्याच्या पोटावर आपले आंबे अवलंबून असले तर माणूस काय करेल? आमची माणसं फार प्रेमळ. एप्रिल लागला की आष्टेकरांकडे डबे सुरू. कुणाकडून पुरणपोळी, कुणाकडून साजूक तुपातला शिरा, घोरपड्यांकडून तांबडा रस्सा. "घ्या हो, एवढ्यानं काय होतंय!" चौऱ्याण्णव साली काटा एकशे एकतीसवर गेला तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी बाबुराव घोरपडे, रिटायर्ड सुभेदार, यांनी भाषणात सांगितलं की हा आपणा सर्वांच्या सामुदायिक प्रयत्नांचा विजय आहे. खोटं नव्हतं ते.

मधुसूदनरावही हसायचे. सगळ्यांच्या आधी स्वतः हसायचे. दारातून शिरताना आडवे व्हायचे आणि म्हणायचे, "मालगाडी येत आहे, कृपया दूर उभे राहा." पोरं त्यांच्या पोटावर तबला वाजवायची. कॉलनीत कुणाला त्यांचं नाव माहीत नसेल, पण ते कोण हे माहीत नाही असा एक नव्हता.

त्याच नोव्हेंबरात ते स्टेशनच्या पुलावर, निम्म्या पायऱ्या चढून, खाली बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, साखर इतकी, दाब तितका, वजन उतरवा, नाहीतर पुढच्या वेळी पायऱ्या वरच्या वर नेतील. सुनेत्रानं तुपाची बरणी आमच्याकडे आणून ठेवली. मी ती सांभाळली. चांगली सांभाळली, दोन महिन्यांत संपवली.

मधुसूदनरावांनी मात्र कमाल केली. सकाळी पाच वाजता माझ्या दाराशी उभे. पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो, तर तीनदा बसले. पुढे पुढे मीच बसायचो आणि ते एक फेरी मारून मला परत घ्यायला यायचे. ज्वारी लखनौत सहजी मिळत नाही, ती सांगलीहून यायची. दोन भाकऱ्या, पालेभाजी, ताक. पंचाण्णव साली खाँसाहेबांच्या बागेचा मोहर वादळानं झडला, तुला झाली नाही, म्हणून कुणी फार चौकशी केली नाही. पण शहाण्णवचा मे उजाडला, बागेतून निरोप आला की यंदा फळ उदंड आहे, आणि कॉलनीनं एकदम वर बघितलं. तर मधुसूदनराव चौऱ्याहत्तर किलो.

हळहळ अशी की विचारू नका. "अरेरे, काय होते आणि काय झाले!" ज्यांनी दहा वर्षं "जरा कमी करा हो" म्हणून कान किटवले तेच आता म्हणत होते, "अति केलंत. चेहरा उतरला." एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "आबा, जूनपर्यंत थोडंसं भरता येणार नाही?"

हे सगळं गमतीचं. गमतीचं नव्हतं ते असं, की मधुसूदनराव बारीक झाले होते हे एका माणसाला अजून पटलं नव्हतं. तो माणूस म्हणजे स्वतः मधुसूदनराव. दारातून शिरताना ते अजून आडवे व्हायचे. खुर्चीत बसायच्या आधी तिचे पाय हातानं हलवून बघायचे. जुनीच पँट, पट्ट्याला नवी चार भोकं पाडलेली, कमरेभोवती चुण्या पडून परकर नेसल्यासारखी. आणि मेच्या उन्हात, लू म्हणतात ते गरम वारं सुटलेलं असताना, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाचं बटण लावलेलं.

एका सकाळी बाकावर बसलो असता त्यांनी विचारलं, "आबा, मी बारीक झालोय का हो?"

"असं काय विचारता? निम्म्याला आलात."

"मग मला का समजत नाही?" त्यांनी मनगटाचं बटण चाचपलं. मग म्हणाले, "आरशात एक म्हातारा दिसतो. शर्ट काढला की दंडाचं, पोटाचं कातडं असं लोंबतं. जुन्या गोधडीतला कापूस काढून घ्यावा ना, तसं. पूर्वी निदान भरलेली होती."

"सुनेत्रा काय म्हणते?"

"छान दिसता म्हणते. तेव्हा माझ्याकडे बघत नाही, भिंतीकडे बघते. मीच बघू देत नाही म्हणा. वर्ष झालं, घरातसुद्धा बाह्या खाली." मग हसले, पण पूर्वीसारखे आधी हसले नाहीत, नंतर हसले. "लठ्ठ होतो तेव्हा लोक मला बघून हसायचे. पण बघायचे तरी. आता त्या तुलेत त्या झिरझिरीत कुर्त्यात बसायचं. सगळं दिसणार. आणि नाही बसलो, तर मग मी कोण?"

मी सातवी पास माणूस, मी काय सांगणार? म्हणालो, "गोधडी उन्हात घालावी." ते मान हलवून उठले. सल्ला फुकट गेला असं तेव्हा वाटलं.

कुर्ता शिवायला मला सोबत घेऊन चौकात गेले. सायकलरिक्षात एका कडेला अंग चोरून बसले आणि रिक्षावाल्याला आधीच सांगून टाकलं, "भैया, चढ़ाई पर मैं उतर जाऊँगा." रिक्षावाल्यानं मागे वळून आम्हा दोघांना पाहिलं. "बाबूजी, आप दोनों मिलाकर एक सवारी हो. आराम से बैठो."

गल्लीत टेलर मास्टर म्हणजे सत्तरीचे गृहस्थ, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी टेप काढली. "माशाअल्लाह! नया नाप लेते हैं."

"पुराना ही रहने दीजिए," मधुसूदनराव म्हणाले.

"हुज़ूर, उसमें आप जैसे दो आ जाएँगे."

"आने दीजिए. बाँहें पूरी. और अंदर अस्तर लगाइए."

मास्टरांनी टेप खाली ठेवली. "चिकन में अस्तर? हुज़ूर, ये तो ऐसा हुआ कि खिड़की बनवाई और ईंटों से चुनवा दी."

दोघांची बरीच हुज्जत झाली, अर्थात लखनौतली हुज्जत, म्हणजे दोघेही एकमेकांची माफी मागत भांडत होते. अखेर माप जुनं ठरलं, अस्तर रद्द झालं. "नाप आपका, इज़्ज़त मेरी," मास्टर म्हणाले. येताना मधुसूदनराव रिक्षात पुन्हा कडेला अंग चोरून बसले. ढगळ्या कुर्त्यात लपून कसंबसं निभावता येईल, असा हिशेब चालला होता त्यांचा.

पण मंडळाला त्यांच्यापेक्षा मोठी काळजी पडली होती. तुलेच्या आठ दिवस आधी बाबुरावांच्या घरी मीटिंग भरली. बाबुरावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे पाहा, प्रश्न व्यक्तीचा नाही, फळाचा आहे."

त्यावर मी माझ्या शाळेची एक हकिकत सांगितली. आमच्या गावात एकदा वरून साहेब आला, पोरांची वजनं घ्यायला. दुष्काळाचं साल, पोरं काड्या. गुरुजींनी आदल्या दिवशी ओढ्यातले गोटे आणवले आणि प्रत्येकाच्या चड्डीच्या खिशात दोन-दोन घातले. साहेब खूश झाला, शेरा चांगला मारला. पण जाताना मुलांना म्हणाला, पळून दाखवा. पळालो, आणि साऱ्या शाळेच्या चड्ड्या खाली. लोक हसले. बाबुराव हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "गोटे किती वजनाचे होते?"

मग कुणी सुचवलं, मांडीवर एखादं मूल द्यावं. कुणी म्हणालं, दोन द्यावीत. शेवटी बाबुरावांनी पत्ता टाकला. कोपऱ्यात बसलेल्या माणसाकडे बोट केलं. हणमंत शेळके, हवाई दलात सार्जंट, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेले, बिचारे पहिल्यांदाच मीटिंगला आले होते. वजन एकशे सव्वीस.

"अहो, पण मी काय केलंय? कुणाचा पंप मी दुरुस्त केला नाही," हणमंतराव म्हणाले.

"तुम्ही फक्त बसायचं. बाकी मंडळ बघेल."

सगळे मधुसूदनरावांकडे बघायला लागले. ते म्हणाले, "बसू द्या की हणमंतरावांना. बरं झालं." आणि खरंच त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. लगेच त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक सुरू झालं, चहाची दुसरी फेरी आली. "आणि कुर्ता?" कुणी तरी विचारलं. "तयार आहे," मधुसूदनराव म्हणाले. "माझा आहे तो. यांना बरोबर बसेल." हे म्हणताना मात्र ते सुटलेपण पुसलं गेलेलं मी पाहिलं. बाकी कुणी पाहिलं नाही, बिस्किटं संपत आली होती.

दुसऱ्या दिवशी सुनेत्रानं मला जिन्यात गाठलं. "आबा, तुम्ही होतात ना तिथं? एक शब्द नाही बोललात?"

"बोललो की. शाळेची गोष्ट सांगितली."

"ती सगळ्यांनी ऐकली. हसले म्हणे." तिनं ओठ दाबले. "कुर्त्याला इस्त्री करून दिली मी काल. दुसऱ्यासाठी. हे शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, कॉलर नीट कर."

मी खाली उतरलो आणि टाकीपर्यंत एकटाच, कुठं न बसता, जाऊन आलो. असं फार क्वचित होतं.

जूनचा तिसरा रविवार. कडुनिंबाला तागडी टांगलेली, हार, रांगोळी, उन्हानं पत्रा तापावा तशी हवा. हणमंतराव नव्या कुर्त्यात पारड्यात मांडी घालून बसले, कुर्ता अंगावर असा बेतशीर बसला होता की मास्टरांची मान ताठ झाली असती. मंडळाच्या माणसांनी उत्साहाच्या भरात आधी आलेल्या टेंपोतल्या पाट्या समोरच्या पारड्यात चढवूनही टाकल्या. आणि मधुसूदनराव कुठं होते? घरात बसवेना म्हणून खाली आले होते, आणि नुसतं उभं राहवेना म्हणून पन्ह्याचा ट्रे हातात घेतला होता. पूर्ण बाह्या, मनगटाला बटण.

मागच्या गाडीतून खाँसाहेब उतरले. दोन वर्षांत थकले होते, हातात काठी. मधुसूदनरावांनी पुढे होऊन पन्ह्याचा पेला दिला. खाँसाहेबांनी तो घेतला, एका दमात प्यायले, पेला परत ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, "जीते रहो." आणि पुढे गेले.

मधुसूदनरावांनी तो रिकामा पेला उचलून ट्रेमध्ये उपडा ठेवला.

खाँसाहेब पांढऱ्या कुर्त्याकडे बघून दोन्ही हात पसरून चालले होते. "आ गए हमारे इंजीनियर साहब!" चार पावलांवर थांबले. हणमंतराव पारड्यातून ओशाळून हसले. "नमस्ते जी."

खाँसाहेबांनी बाबुरावांकडे पाहिलं. "हमारे इंजीनियर साहब?"

आता सत्य सांगायचं तर काय सांगायचं? तुमचे आंबे कमी पडतील म्हणून आम्ही माणूस बदलला? लढाया बघितलेल्या सुभेदारानं मान खाली घातली. बाबुरावांनी घातली म्हणून मंडळानं घातली. बायकांच्या हातातल्या ओवाळण्याच्या ताटातली निरांजनंसुद्धा त्याच वेळी नेमकी विझली, वाऱ्यानं.

एखाद्या परक्या माणसानं यातून काय समजावं? खाँसाहेब आंब्याच्या एका उलट्या पाटीवर खाली बसले. अगदी हळू विचारलं, "कब?"

कुणी बोलेना. त्यांनी टोपी नीट केली, दोन्ही तळहात वर केले, ओठ हलू लागले. मधुसूदनराव ट्रे घेऊन त्यांच्या पाठीमागे उभे. स्वतःसाठी चाललेली प्रार्थना ऐकायचं भाग्य सगळ्यांनाच लाभत नाही.

हात खाली घेऊन खाँसाहेब आमच्याकडे बघत बोलू लागले. "आप लोगों ने उन्हें तराज़ू में देखा है. मैंने गड्ढे में देखा है. आठ दिन से पंप बंद था, मेरे पेड़ मर रहे थे. वो शर्ट उतारकर उतर गए. बाँह जल गई, उफ़ नहीं की. मैंने कहा, साहब, बाहर आइए. बोले, पहले पानी आएगा, फिर मैं आऊँगा." डोळे पुसता पुसता त्यांना हसू आलं. "और फिर आ ही नहीं पाए! बैल जोतना पड़ा. बेचारे बैल ने मुड़कर देखा था, मियाँ, कि आज ये क्या बाँध दिया!"

पाठीमागून कुणी तरी खो खो हसलं. ते जुनं हसणं होतं, सगळ्यांच्या आधीचं.

"एक नहीं, खाँ साहब," मधुसूदनराव म्हणाले, "दो बैल थे."

खाँसाहेब वळले. "आपको क्या मालूम?"

"रस्सी के दूसरे सिरे पर मैं था."

खाँसाहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांच्या नजरेत राग होता. मेलेल्या माणसाची टिंगल करतो कोण हा? "भाई, मज़ाक का भी वक़्त होता है."

मधुसूदनराव तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता वर निघून जातील. सोपं होतं ते, जिना दहा पावलांवर होता. त्यांनी ट्रे माझ्या हातात दिला. डाव्या मनगटाचं बटण काढलं. ते लवकर निघेना. मग बाही वर सारली, कोपराच्याही वर, बत्तीस घरांसमोर, भर उन्हात.

दंडाचं कातडं लोंबत होतं, त्यांनी मला सांगितलं होतं तसंच. कोपराखाली भाजल्याचा जो वण एके काळी वीतभर, गुळगुळीत, ताणलेला होता, तो आता चुरगळून गोळा झाला होता. खाँसाहेबांनी काठी टाकून दिली. दोन्ही हातांनी ते कातडं धरलं आणि हळूहळू ताणलं, घडीचं पत्र उघडावं तसं. वण पुरता उलगडला तेव्हा त्यावर अंगठा फिरवला.

"यही है," ते म्हणाले. "मेरे पंप का है." आणि दुसऱ्याच क्षणी मधुसूदनरावांच्या पाठीत असा रट्टा घातला की मी ट्रे सांभाळला. "कमबख़्त! पानी पिलाते हो और बताते नहीं? मैंने पूरी दुआ पढ़ डाली!"

"रख लीजिए, काम आएगी."

"तो तराज़ू पर ये कौन साहब हैं?"

आता बाबुराव पुढे झाले. त्यांनी समाज, परंपरा, फळ, सर्वांची भावना असं बरंच काही हिंदीत सांगितलं. खाँसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सूबेदार साहब, वादा इस आदमी के वज़न का था. जितना ये है, उतना. उतरिए, भाई साहब."

"उतरतो की, आनंदानं उतरतो," हणमंतराव म्हणाले आणि उतरले. ते उतरले मात्र, समोरच्या पाट्यांच्या भारानं रिकामं पारडं सपकन वर गेलं, छातीएवढं. ज्या माणसाला काढायला दोन बैल लागले होते त्याला दोघा माणसांनी अलगद उचलून वर बसवलं. "कुर्ता काढून देऊ का?" हणमंतरावांनी विचारलं. "राहू द्या, तुम्हाला शोभतो," मधुसूदनराव वरून म्हणाले. आणि त्यांनी दुसरीही बाही वर केली.

तुम्ही ते दृश्य बघायला हवं होतं. आमचा माजी एकशे एकतीस किलोंचा माणूस हवेत पाय लोंबकळत बसलाय, खाली पाट्यांचा ढीग, आणि खाँसाहेब एकेक पाटी उतरवायला सांगतायत. एक पाटी उतरली की मधुसूदनराव जरासे खाली यायचे आणि कॉलनीच्या तोंडून "अरेरे" निघायचं.

"और निकालिए," वरून आवाज.

"अहो, एवढ्यावर काटा लागेल की!" बाबुराव.

"नाही लागत. अजून काढा. बाबुराव, मी मेकॅनिकलचा माणूस आहे, मला कळतं."

सुनेत्रा हातात ताट घेऊन उभी होती. आज ती भिंतीकडे बघत नव्हती, तिथं भिंत नव्हतीच. ती त्यांच्या उघड्या दंडांकडे बघत होती आणि त्यांनी ते बघितलं, आणि बाही खाली केली नाही. निरांजन पुन्हा कुणी लावलं, आठवत नाही.

शेवटची पाटी खाँसाहेबांनी स्वतः उतरवली. मधुसूदनरावांचे पाय जमिनीला लागले आणि काटा समोर आला. चौऱ्याहत्तर. टाळ्या वाजल्या, जरा कमी वाजल्या, पण वाजल्या.

उरलेल्या पाट्या आता आम्हालाच मिळतील, या आशेनं मंडळ घोटाळत राहिलं. खाँसाहेब तत्त्वाचे. "बाक़ी मलिहाबाद वापस," म्हणाले आणि सगळ्या पाट्या परत टेंपोत चढवल्या. घरटी आंबे दरसालपेक्षा निम्म्याच्या जवळपास आले. बाबुरावांनी पुढे महिनाभर मधुसूदनरावांशी फक्त कामापुरतं बोलायचं धोरण ठेवलं. डबे तर केव्हाच बंद झाले होते.

तेव्हापासून सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण ते दारातून अजूनही आडवेच शिरतात. खुर्चीचे पाय अजून हलवून बघतात. सवय जायला किती किलो लागतात, कुणास ठाऊक.

सोमवारी पहाटे मात्र माझ्या दाराशी उभे राहिले ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. त्या दिवशी माझी नात वेदिका लवकर उठून आमच्याबरोबर आली होती. आठ वर्षांची पोर, मराठी सगळं समजतं आणि बोलते हिंदी. पाण्याच्या टाकीपाशी तिनं त्यांच्या दंडाकडे बोट दाखवून विचारलंच, "अंकल, ये क्या लटक रहा है?"

मी तिला दटावणार होतो. मधुसूदनराव बाकावर बसले, खुर्चीसारखं बाक हलवून न बघता, आणि दंड तिच्यापुढे केला.

"हे? ह्याला एकदा दोन बैल जुंपले होते."

"सच्ची? दो?"

"दोन. तुझे आबा सगळ्यांना चुकीचं सांगतील, माझ्याकडून ऐक."

मी चुकीचं सांगतो म्हणे! पण मध्ये बोललो नाही. त्यांनी सुरुवात केली होती, आणि बरी सांगत होते.